४० पानांची पीडीएफ कुणीच का उघडत नाही?

प्रश्न: मी ठाण्यात पाचपाखाडीतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाची कार्यवाह आहे. आमची छोटी वेबसाइट आहे आणि सभासदांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. वेबसाइटवर आम्ही मधुमेह, रक्तदाब, डेंगी, हृदयविकार अशा विषयांवरची ४० पानांची पीडीएफ टाकली आहे. ती पत्रासोबत जोडली आहे. मेहनत बरीच घेतली, पण कुणी ती उघडत नाही. ग्रुपवर मात्र रोज डेंगीवर पपईच्या पानांचा रस, ‘ही गोळी किडनी खराब करते’ असले मेसेज फिरतात. एका सभासदांनी असा व्हिडिओ पाहून मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बंद केली आणि त्यांची शुगर ३४० वर गेली. आम्ही कुणी डॉक्टर नाही. लोकांना खरी माहिती पटकन सापडेल आणि कळेल, अशी ती मांडायची कशी?

उत्तर:

ताई, तुमची पीडीएफ आम्ही पूर्ण वाचली. तिच्यात चुकीचं फारसं काही नाही. अडचण मांडणीची आहे, आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे.

डेंगीचा भाग घ्या. सुरुवात एडिस डासापासून, मग विषाणूचे चार प्रकार, मग प्रसार कसा होतो. ‘दवाखान्यात कधी न्यायचं’ हे शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, तेही ‘गुंतागुंत’ या मथळ्याखाली. रात्री अकरा वाजता नवऱ्याला १०२ ताप चढलेला असताना जी बाई मोबाइल हातात घेते तिला तीनच गोष्टी हव्या असतात: आत्ता न्यायचं की सकाळी, तोवर काय द्यायचं, आणि न्यायचं तर कुठं. ही तीन उत्तरं पहिल्या स्क्रीनवर, बोटाने वर न सरकवता दिसली पाहिजेत. डास आणि विषाणू खाली जाऊ देत. ज्याला वाचायचंय तो तिथवर पोचेल. पाठ्यपुस्तक आजारापासून सुरू होतं, पण माणूस प्रश्न घेऊन येतो. तुमच्या वेबसाइटची सगळी रचना या प्रश्नांवर उभी करा.

म्हणून आधी दर्शनी पानावरची यादी बदला. आता तिथं आजारांची २२ नावं आहेत. त्याऐवजी सहाच बटणं ठेवा: ‘आत्ता त्रास होतोय’, ‘रिपोर्ट आलाय’, ‘गोळ्यांबद्दल विचारायचंय’, ‘कुठं जायचं’, ‘खर्च आणि योजना’, ‘हा मेसेज खरा आहे का’. आजारांची नावं या बटणांच्या आत येतील. एकच पान दोन बटणांतून सापडलं तर काही बिघडत नाही, उलट बरंच. ‘अधिक माहिती’ किंवा ‘संसाधने’ असं बटण मात्र ठेवू नका. आत काय आहे याचा त्यावरून अंदाज येत नाही आणि थकलेला माणूस अशा बटणाला हातच लावत नाही.

मथळे सभासद बोलतात तसे लिहा. ‘उच्च रक्तदाबाचे व्यवस्थापन’ नको, ‘बीपी वाढलंय, काय करू?’ हवं. मधुमेह हा शब्द मजकुरात असू द्या, पण मथळ्यात शुगर ठेवा, कारण लोक शोधतात ते शुगर. शोधण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बहुतेक मराठी साइट विसरतात. कुणी डेंगी लिहितं, कुणी डेंगू, कुणी डेंग्यू. मूतखडा आणि मुतखडा दोन्ही टाइप होतात. अर्धे लोक तर रोमन लिपीतच लिहितात. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘हे पान असंही शोधलं जातं’ म्हणून ही सगळी रूपं, रोमन लिपीतलीसुद्धा, लिहून ठेवा. साइटवरचा शोध हुशार नसला तरी मग पान सापडतं.

आता एक पान प्रत्यक्ष कसं दिसावं ते दाखवतो. डेंगीचंच घेऊ, कारण पाऊस सुरू झाला की ठाण्यात त्याचीच विचारणा सगळ्यात जास्त होते.

मथळा: ताप आलाय, डेंगी असेल का?

आत्ता, रात्र असली तरी, दवाखान्यात न्या, जर यातलं एकही असेल: पोटात सतत दुखतंय. उलट्या थांबत नाहीत. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, किंवा शौचाला काळं होतंय. माणूस सुस्त पडलाय किंवा खूप अस्वस्थ आहे. सहा तासांत लघवी झालेली नाही. हातपाय गार पडलेत. श्वास लागतोय. रुग्णवाहिकेसाठी १०८.

यातलं काही नसेल तर सकाळी डॉक्टरांना दाखवा. तापाच्या पहिल्या ५ दिवसांत डेंगीसाठी एनएस१ ही रक्ततपासणी उपयोगी पडते, त्यानंतर आयजीएम ही.

तोवर थोडं थोडं पाणी, ताक, पेज, ओआरएस देत राहा. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. हृदयासाठी रोजची अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती मनाने थांबवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

ताप उतरला म्हणजे धोका टळला असं नाही. बहुतेक जणांचा ताप तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो आणि नेमके त्यानंतरचे एक-दोन दिवस जपायचे असतात.

एवढंच. ही पहिली स्क्रीन आणि फार तर दुसरी. वाक्यं दहा-बारा शब्दांची, एका वाक्यात एकच काम. ‘त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला त्वरित म्हणजे किती हे कळत नाही. ‘आत्ता, रात्र असली तरी’ म्हटलं की कळतं.

अ‍ॅस्पिरिनचं वाक्य मुद्दाम पाहा. डेंगीत अ‍ॅस्पिरिन नको हे बरोबर आहे. पण तुमच्या सभासदांपैकी कितीतरी जणांना अँजिओप्लास्टी झाली असेल. अपवाद न लिहिता हे पान त्यांच्या हाती दिलं तर ते स्टेंटसाठीची गोळी सोडून देतील. ज्येष्ठांसाठी लिहिताना प्रत्येक ‘घेऊ नका’च्या पुढे ‘ज्यांना ही गोळी आधीपासून चालू आहे त्यांचं काय’ हा प्रश्न विचारायचाच.

पॅरासिटामॉलबद्दलही आकड्यानिशी लिहावं लागेल. आपल्याकडे ६५० मिलिग्रॅमची गोळी घराघरात असते. प्रौढ माणसासाठी २४ तासांतली कमाल मर्यादा ४ ग्रॅम सांगितली जाते, म्हणजे सहा गोळ्या, ३९०० मिलिग्रॅम, झाल्या की मर्यादा गाठलीच. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल, रोज दारू होत असेल तर मर्यादा याहून खाली येते. खरा घोटाळा वेगळ्याच ठिकाणी होतो: सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. माणूस तापाची एक आणि सर्दीची एक घेतो आणि नकळत दुप्पट डोस होतो. तुमच्या संघाच्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारून पानावर ‘दिवसाला जास्तीत जास्त इतक्या गोळ्या, दोन गोळ्यांत इतक्या तासांचं अंतर’ असा एकच स्पष्ट आकडा घाला, आणि ‘सर्दीच्या गोळीच्या पाकिटावर पॅरासिटामॉल लिहिलंय का ते आधी पाहा’ हे वाक्य त्याला जोडून.

ओआरएसचंही तसंच. ‘ओआरएस द्या’ एवढं पुरत नाही. मोठं पाकीट, साधारण २१ ग्रॅमचं, एक लिटर पाण्यासाठी असतं. पुष्कळ घरांत ते एका पेल्यात ढवळून देतात. इतकं दाट मीठ-साखरेचं पाणी जुलाब वाढवतं आणि रक्तातलं मीठ धोक्याच्या पातळीला नेऊ शकतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा छोटे चमचे साखर, सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. चमचा कोणता तेही लिहा, चहाचा की जेवणाचा. शक्य असेल तर चमच्याचा फोटो टाका. किडनीच्या किंवा हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनी पाणी आणि ओआरएस किती घ्यायचं हे डॉक्टरांना विचारून, ही ओळही लागेल.

आता ‘रिपोर्ट आलाय’ या भागाकडे. आमच्या मते तुमच्या साइटवर सगळ्यात जास्त वाचला जाईल तो हाच. रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर येतो आणि डॉक्टर भेटतात दुसऱ्या दिवशी. मधली रात्र माणूस गूगलबरोबर काढतो. इथं तीन ठिकाणी लोक हमखास फसतात.

पहिलं, एककं. आपल्याकडे शुगर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येते. ब्रिटनची साइट उघडली तर तिथं मिलिमोल प्रति लिटर असतं. तिथला ७ म्हणजे आपला १२६, कारण शुगरसाठी १८ ने गुणायचं असतं. किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनसाठी उलट आपला आकडा ८८.४ ने गुणायचा, म्हणून आपल्या रिपोर्टमधला १.२ तिकडे १०६ दिसतो. ‘नॉर्मल ६० ते ११०’ असं तिथं वाचून इकडचा माणूस स्वतःच्या १.२ चा काय अर्थ लावणार? प्लेटलेट आपल्याकडे दीड लाख लिहितात, तिकडे १५०. तापही तिकडे सेल्सिअसमध्ये: ३८ म्हणजे १००.४ फॅरेनहाइट. प्रत्येक तपासणीच्या पानावर आधी आपलं एकक आणि आपला आकडा, मग त्याखाली ‘परदेशी साइटवर हा असा दिसेल’ अशी एक ओळ. औषधांच्या नावांतही हेच होतं. अमेरिकी पानावरचं अ‍ॅसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, दम्याचं अल्ब्युटेरॉल म्हणजे सालब्युटामॉल. दोन वेगळी औषधं समजून दोन्ही घेणं सहज शक्य आहे.

दुसरं, लाल अक्षरात आलेला आकडा. बहुतेक तपासण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा ठरवताना निरोगी लोकांपैकी मधले ९५ टक्के धरतात. म्हणजे पूर्ण निरोगी माणसांतही १०० पैकी ५ जण त्या मर्यादेच्या बाहेर पडतात, कुठलाही आजार नसताना. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या तर निदान एक तरी आकडा लाल येण्याची शक्यता साधारण ६४ टक्के होते. ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या पॅकेजमध्ये तर याहून कितीतरी जास्त तपासण्या असतात. हा हिशोब एकदा सोप्या शब्दांत मांडा, अनेकांची झोप वाचेल. मात्र शुगरला हे लागू नाही, हेही त्याच पानावर लिहा. उपाशीपोटी १२६ आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची शुगर दाखवणारी तपासणी) ६.५ टक्के हे मधुमेह ठरवण्याचे आकडे आहेत, मधल्या ९५ टक्क्यांवरून काढलेले नाहीत. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर.

तिसरं, यंत्राने केलेलं भाषांतर. मोबाइलवर पान मराठीत बदलून वाचणारे खूप आहेत. ‘बायोप्सी सकारात्मक आली’ असं वाचून घरचे निश्चिंत होतात, आणि अर्थ असतो गाठीत आजार सापडला. तुमच्या पानांवर पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह हेच शब्द ठेवा आणि लगेच पुढे लिहा: पॉझिटिव्ह म्हणजे जे शोधत होते ते सापडलं.

प्रत्येक तपासणीच्या पानाचा शेवट ‘डॉक्टरांना काय विचारायचं’ याने करा. तीन प्रश्न पुरे: मागच्या वेळेपेक्षा आकडा वाढलाय की कमी झालाय? आता औषधात काही बदल आहे का? ही तपासणी परत कधी करायची? आणि जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या म्हणावं. एकट्या आकड्यापेक्षा तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की डॉक्टरांना फार कळतं.

गोळ्यांच्या भागात चिठ्ठीवरच्या खुणांचं एक पान जरूर हवं: ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. एसओएसची गोळी रोज घेणारी माणसं खरोखर असतात, म्हणून ही ओळ ठळक करा.

आता मेटफॉर्मिन. तुमच्या सभासदांबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि असं करणारे ते एकटे नाहीत. अशा मेसेजला उत्तर लिहिण्याची एक रीत आहे. मथळ्यात चुकीचा दावा कधीही छापू नका. ‘मेटफॉर्मिनने किडनी खराब होते का?’ असा मथळा नुसता नजरेखालून गेला तरी लक्षात राहतं ते ‘मेटफॉर्मिन, किडनी, खराब’. सुरुवात खऱ्या गोष्टीने करा, मग दावा एकदाच सांगा, तो का पसरतो ते समजवा, आणि शेवटी पुन्हा काय करायचं ते. असं:

शुगरची गोळी मनाने बंद करू नका. मेटफॉर्मिन किडनीला इजा करत नाही. किडनी आधीच बरीच कमजोर असेल तर हे औषध शरीरातून नीट बाहेर पडत नाही, साठतं, आणि क्वचित रक्तातलं आम्ल वाढतं. म्हणून डॉक्टर ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते ते दाखवणारा आकडा, बघतात. तो क्रिएटिनिनवरून काढतात. तो ३० च्या खाली गेला तर मेटफॉर्मिन बंद करतात. ३० ते ४५ च्या मध्ये नव्याने सुरू करत नाहीत, आधीपासून चालू असेल तर फेरविचार करून बहुधा डोस कमी करतात. ‘गोळी किडनीला घातक’ असा समज यातूनच झाला: तपासणी किडनीची आणि बंद झाली गोळी, म्हणून दोष गोळीवर आला. किडनीवर घाव घालते ती वर्षानुवर्षं वाढलेली शुगर आणि बीपी. तुमचा शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट सहा महिन्यांहून जुना असेल तर नवा करून डॉक्टरांना दाखवा. रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी करायची असेल तर मेटफॉर्मिन चालू असल्याचं आधी सांगा.

पपईच्या रसालाही हीच रीत. डेंगीत माणूस दगावतो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळल्यामुळे. प्लेटलेटचा आकडा हा त्यातला एक भाग. पपईच्या पानांनी काही लहान अभ्यासांत प्लेटलेट थोड्या वाढलेल्या दिसल्या, पण त्यामुळे रक्तस्राव किंवा मृत्यू टळतो हे सिद्ध झालेलं नाही. रस पिऊन घरी थांबलेल्या माणसाची दवाखान्यात जायची वेळ हुकते, धोका तिथं आहे.

मेसेज तपासायला सभासदांना लांबलचक कसोट्या देऊ नका, त्या कुणी वापरत नाही. चार प्रश्न द्या. कुणी लिहिलंय, नाव आणि पदवी आहे का? कधी लिहिलंय? शेवटी काही विकत घ्यायला सांगतायत का? आणि हीच गोष्ट दुसऱ्या कुठल्या भरवशाच्या ठिकाणी आहे का? चौथ्या प्रश्नासाठी त्याच पानावर रेंगाळायचं नाही, नवी खिडकी उघडून दुसरीकडे शोधायचं. मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो निदान पाच हातांतून पुढे आलेला असतो, एवढंही त्यांना सांगून ठेवा. ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे. तेव्हा अशी जाहिरात दिसली की औषध तपासत बसण्याचीही गरज नाही. शोधल्यावर सगळ्यात वर येणारं यंत्राने रचलेलं उत्तर आणि ‘प्रायोजित’ लिहिलेले दुवे, या दोन्हींवरून औषधाचा डोस कधीही घ्यायचा नाही.

टक्क्यांचा मुद्दा यालाच लागून येतो. ‘धोका ५० टक्क्यांनी घटतो’ असं वाचलं की निम्मे लोक वाचले असं वाटतं. १००० पैकी २ जणांना होणारी गोष्ट १ जणाला होऊ लागली तरी घट ५० टक्केच. तुमच्या पानांवर कायम ‘१००० पैकी इतके, इतक्या वर्षांत’ असं लिहा. आणि तुलना करताना छेद बदलू नका. एका ओळीत १०० पैकी आणि पुढच्या ओळीत ४० पैकी असं आलं की डोकं चालत नाही.

माहिती घ्यायची कुठून? ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या पानांवर शेवटची तपासणी कधी झाली आणि पुढची कधी, हे छापलेलं असतं. ती पद्धत तुम्हीही उचला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं मेडलाइनप्लस १९९८ पासून आहे, जाहिराती नाहीत. त्यांचे आरोग्य विषयांचे सारांश मोकळेपणाने वापरता येतात, पण त्याच साइटवरचा वैद्यक कोश आणि चित्रं दुसऱ्या कंपनीच्या मालकीची असतात, ती उतरवून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटना, आपलं आरोग्य मंत्रालय आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आहेतच. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन असेल तर ती साइट सरकारी. ऑर्ग मात्र कुणालाही विकत मिळतं, त्यावर जाऊ नका. काही जुन्या साइटवर हॉनकोड नावाचा शिक्का अजून दिसतो. तो देणारी जिनिव्हाची संस्था २०२२ मध्ये बंद झाली, आज त्या शिक्क्याला अर्थ नाही. आणि परदेशी पानावर ‘९११ ला फोन करा’ असेल तर तुमच्या पानावर १०८ यायला हवं. असल्या चुका उतरवताना राहून जातात.

‘कुठं जायचं’ हे पान मात्र तुम्हालाच करावं लागेल, ते कुठल्याच मोठ्या साइटवर मिळणार नाही. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, जिल्हा सामान्य रुग्णालय, जवळचा आपला दवाखाना: प्रत्येकाच्या नावापुढे सध्याची जागा, वेळ, रात्री कुठल्या दारातून आत जायचं, आणि तिथं काय होतं. जवळच्या कुठल्या रुग्णालयात २४ तास सीटी स्कॅन आहे हे तर लिहायलाच हवं. लकव्याच्या झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन होणं गरजेचं असतं. सीटी नसलेल्या नर्सिंग होममध्ये आधी नेलं की तासभर तिथंच जातो. म्हणून त्या पानावर: तोंड वाकडं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतं, यातलं एकही अचानक झालं तर माणूस शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा आणि थेट सीटी असलेल्या ठिकाणी न्या. फोन नंबर असे टाका की बोट लावताच फोन लागावा. दर तीन महिन्यांनी कुणीतरी प्रत्येक नंबर फिरवून बघायचा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन याच पानावर.

योजनांच्या भागात ७० आणि त्याहून जास्त वयाच्या सगळ्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत. हे दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नाही, हे पहिल्याच ओळीत सांगा. चौकशीला १४५५५.

पीडीएफ काढून टाका. मोबाइलवर ती दोन बोटांनी मोठी करून डावी-उजवीकडे सरकवत वाचावी लागते. मजकूर साध्या पानावर, युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं किंवा चित्र म्हणून टाकलेलं मराठी शोधात सापडत नाही आणि वाचून दाखवणाऱ्या सोयीलाही वाचता येत नाही. अक्षर निदान १८ पिक्सेल, ओळींत अंतर दीडपटीहून जास्त, नाहीतर वरचे रफार आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. करड्यावर पांढरं नको. मोतीबिंदू असलेल्यांना ते दिसतच नाही. ग्रुपवर टाकताना पूर्ण पान न टाकता दोन ओळी आणि दुवा.

पान झालं की पाच सभासदांवर आजमावा. ‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. मोबाइल त्यांच्या हातात द्या आणि काम सांगा: ‘रात्री मिस्टरांना ताप आणि उलट्या, काय कराल ते शोधून दाखवा.’ मग गप्प बसून पाहा, मदत करायची नाही. कुठं थांबले, कुठलं बटण आधी दाबलं ते लिहून घ्या. नंतर ‘हे तुम्ही सुनेला कसं सांगाल?’ असं विचारा. दोघं एकाच जागी चुकले तर दोष पानाचा. पाचांत निदान एक जण असा घ्या जो मोबाइल फक्त फोनसाठी वापरतो.

तुम्ही डॉक्टर नसणं ही मोठी अडचण नाही, तपासून घेतल्याशिवाय पान चढवलं तर ती होईल. प्रत्येक पान एका एमबीबीएस किंवा त्यावरच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, त्यांच्या परवानगीने नाव आणि तारीख खाली टाका. ग्रुपवर कुणी स्वतःचा रिपोर्ट टाकला तर तो काढायला लावा, त्यावर नाव, वय, फोन सगळं असतं. आणि ‘माझा आकडा इतका, काय करू?’ याला ग्रुपवर उत्तर देऊ नका, पानाचा दुवा द्या आणि डॉक्टरांकडे पाठवा.

पहिल्या दोन महिन्यांत पाचच पानं करा: ताप, शुगरची गोळी, शुगर अचानक खाली जाणं, लकवा, कुठं जायचं. शुगर खाली जाण्याचं पान छोटं असेल: ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८. आजाराच्या पानांची तपासणी वर्षातून एकदा, योजना आणि फोन नंबरांची दर तीन महिन्यांनी. तारीख उलटली आणि डॉक्टरांना वेळ मिळाला नाही, तर तपासणी होईपर्यंत ते पान साइटवरून उतरवून ठेवा.